निरोपासाठी बटणांचा फोन : पारख कशी करावी

शेतीच्या कामात वेळेवर पोहोचलेल्या निरोपाचे मोल किती आहे, हे शेतकरी बंधूंस निराळे सांगावयास नको. पाटाचे पाणी कोणत्या रात्री सुटणार, सोसायटीच्या गोदामात बियाणे केव्हा येणार, पीक कर्जाचा हप्ता जमा झाला की नाही, या गोष्टी पूर्वी दवंडीने अथवा चावडीवरील फळ्यावरून कळत. आज त्या बहुतांशी मोबाइल फोनवर येणाऱ्या लेखी संदेशाने कळतात. असे असूनही फोन विकत घेताना आपण त्याचा आवाज ऐकतो, बॅटरी लावून पाहतो, दिव्याचा उजेड पाडून पाहतो. पण त्यात एखादा मराठी निरोप वाचून व लिहून पाहणारा ग्राहक विरळाच.

आमच्या शेजारच्या तात्यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. तात्यांचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याजवळ एक जुना बटणांचा फोन होता व त्यावर त्यांचे समाधानही होते. एका रब्बी हंगामात पाणीपाळीचा निरोप त्यांच्या फोनवर आला, तो अक्षरांऐवजी नुसत्या चौकोनांच्या दोन ओळींच्या रूपाने. एखाद्या कंपनीची जाहिरात असावी अशा समजुतीने तात्यांनी तो पुसून टाकला. हरभरा फुलोऱ्यात होता. त्या वेळचे पाणी चुकले ते चुकलेच. पुढे नवा फोन घ्यावयाचे ठरले तेव्हा ते मला म्हणाले, "या खेपेला तू बरोबर चल. दुकानदार सगळे चालते म्हणतो, आणि चालत नाही ते घरी आल्यावर कळते."

मुलांनी मोठ्या पडद्याचा स्मार्टफोन देऊ केला असता तात्यांनी तो नाकारला. त्यांची कारणे विचार करण्यासारखी होती. नांगराने व विळ्याने घट्टे पडलेल्या बोटांचा स्पर्श काचेच्या पडद्याला नीट कळत नाही. ओल्या हातांनी तर मुळीच नाही. साध्या फोनची बॅटरी एकदा भरली म्हणजे पुष्कळदा दोन-चार दिवस पुरते, आणि वीज रात्री-अपरात्री येणाऱ्या वस्तीवर ही सोय लहान नव्हे. शिवाय कळ दाबली की दाबली गेल्याचे बोटाला कळते, त्यासाठी चष्मा शोधावा लागत नाही.

तेव्हा बाजारात जाऊन आम्ही चार निरनिराळे फोन हाती घेतले. त्या वेळी जे आढळले आणि एरवीही जे ध्यानात ठेवावयास हवे, ते येथे देत आहे. ग्रामकार्यकर्त्यांना याचा विशेष उपयोग व्हावा, कारण फोन घेण्यापूर्वी गावातील वडीलधारी मंडळी सल्ला विचारतात ती त्यांनाच.

वाचता येणे निराळे, लिहिता येणे निराळे

2016 साली केंद्र शासनाने मोबाइल फोनमधील भारतीय भाषांसंबंधी नियम केला. भारतीय मानक 16333 च्या तिसऱ्या भागात तो आला आहे. त्यानुसार देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनात सर्व 22 अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे. लिहिण्यासाठी मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा एवढीच सोय आवश्यक ठरविली आहे. ही तिसरी भाषा मराठीच असेल असे नाही. म्हणून नव्या फोनात मराठी निरोप वाचता येईल अशी अपेक्षा धरण्यास हरकत नाही, पण लिहिता येईलच असे गृहीत धरू नये. या नियमापूर्वीचे जे फोन अद्याप घरोघर वापरात आहेत, त्यांत वाचण्याचीही खात्री नाही. तात्यांचा जुना फोन त्यांपैकीच एक.

हिंदीतून लिहिण्याची सोय असली म्हणजे मराठीचे भागते, असे दुकानदार सांगतो. लिपी एकच असल्याने ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पुरते खरे नाही. हिंदीला सहसा न लागणारी आणि आपले पदोपदी अडते अशी तीन चिन्हे आहेत. पहिले 'ळ'. केळी, डाळिंब, निंबोळी, फळ, पाळी, गूळ यांपैकी एकही शब्द त्यावाचून लिहिता येत नाही. दुसरे 'शेतकऱ्यांनी' या शब्दातील ऱ्य. तिसरे 'ग्रॅम' या शब्दातील अर्धचंद्र. आम्ही पाहिलेल्या एका फोनात 'ळ' होता, पण तो 'ल'च्या कळीवर अगदी शेवटी दडलेला होता; दुसऱ्यात तो सापडलाच नाही. म्हणून दुकानातच आपल्या अथवा दुकानदाराच्या फोनवरून नव्या फोनकडे 'शेतकऱ्यांनी निंबोळी अर्क 5 टक्के फवारावा' एवढा निरोप पाठवावा, तो नीट उमटतो का ते पाहावे, आणि मग तोच निरोप नव्या फोनावरून परत लिहून पाठवावा. यास पाच-दहा मिनिटे लागतात. दुकानदार जरा कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

लिहिण्याची रीत अशी. अनेक फोनांत वर्णमालेचा एकेक वर्ग एकेका कळीवर ठेवलेला असतो. त-वर्गाची कळ एकदा दाबली की 'त', दोनदा दाबली की 'थ', आणि 'न' हवा असल्यास पाच वेळा. मराठीत 'न' किती वेळा येतो हे पाहिले म्हणजे या मांडणीतील अडचण लक्षात येते. तरीही ज्यांनी शाळेत बाराखडी घोकली आहे अशा वृद्धांना ही मांडणी लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे. तात्यांना इंग्रजी अक्षरांचा क्रम येत नाही, पण क-ख-ग-घ त्यांना झोपेतही येते. एकाच कळीवरील दोन अक्षरे लागोपाठ आली तर मध्ये क्षणभर थांबावे लागते, नाहीतर पहिले अक्षर बदलून भलतेच उमटते. हे थांबणे जमले म्हणजे अर्धे लेखन जमले.

टंकलेखन यंत्राप्रमाणे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कळ असलेले फोन सुमारे 2010 च्या आसपास पुष्कळ विकले जात. 2018 साली जिओफोन 2 या नावाने असा एक फोन 2,999 रुपयांस आला होता. इंग्रजीत भराभर लिहिणाऱ्यास ते सोयीचे वाटतात. परंतु बोटभर जागेत तीसपस्तीस कळा बसवावयाच्या म्हणजे प्रत्येक कळ ज्वारीच्या दाण्यापेक्षा फारशी मोठी राहत नाही, आणि शेतकऱ्याचा अंगठा एकाच वेळी दोन कळांवर पडतो. आम्ही बारा कळांचाच फोन पसंत केला.

मराठी निरोपाचा हिशेब

एका संदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावतात. देवनागरीत मात्र 70 चिन्हेच मावतात. कारण देवनागरी चिन्हाला अधिक जागा लागते. इंग्रजी निरोपात देवनागरीचे एकच अक्षर घातले तरी सबंध निरोपाची मर्यादा 70 वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरातील पाय मोडण्याची खूण ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'शेतकऱ्यांनी' हा शब्द आपल्या लेखी पाच अक्षरांचा, पण फोनच्या हिशेबी 11 चिन्हांचा आहे.

ग्रामकार्यकर्त्याने बैठकीचा निरोप कसा लिहावा याचा नमुना पाहा: 'उद्या सकाळी 9 वाजता समाजमंदिरात बैठक. हरभरा बियाणे अर्ज. 7/12 आणावा.' मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून ही 68 चिन्हे होतात. म्हणजे एका संदेशात बसतात. यात 'सर्वांनी' एवढा एक शब्द वाढविला की मर्यादा ओलांडते आणि दोन संदेशांचे पैसे पडतात अथवा दिवसाच्या ठरीव संदेशांतून दोन वजा होतात. लांब निरोपाचे तुकडे पाडताना ते जोडण्याच्या खुणेसाठी थोडी जागा खर्ची पडते, म्हणून त्यातील प्रत्येक तुकड्यात 67 चिन्हेच राहतात. हे तुकडे वाटेत मागेपुढे होऊ शकतात. काही जुने फोन ते जोडून दाखवीत नाहीत, आणि मग औषधाचे नाव एका संदेशात व प्रमाण दुसऱ्यात असा प्रकार होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. फवारणीच्या औषधाचे प्रमाण निरोपातून कळवावयाचे असेल तर ते आकड्यात व अक्षरात असे दोन्ही प्रकारे लिहावे. दशांश चिन्ह लहान पडद्यावर दिसत नाही, कधी टंकलेच जात नाही, 0.5 चे 05 झाले म्हणजे मात्रा दसपट होते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या काळात विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती. पण औषधाच्या बाबतीत ऐकीव वा अर्धवट माहितीवर चालू नये, एवढे त्यावरून प्रत्येकाने घ्यावे. शंका आल्यास किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा 2004 पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, आणि तेथे मराठीतून उत्तर मिळते.

मराठी टंकणे कठीण म्हणून पुष्कळ लोक रोमन लिपीत मराठी लिहितात. घरगुती निरोपास ते चालेल. शेतीच्या निरोपात मात्र घोटाळा होतो. रोमन लिपीत 'काल', 'काळ' आणि 'कळ' एकसारखेच लिहिले जातात. 'पाणी' आणि 'पानी' यांत फरक राहत नाही. हरभऱ्यावरील 'मर' आणि 'मार' एकच दिसतात. ज्या वृद्धांना रोमन अक्षरे येत नाहीत त्यांची गोष्ट तर सोडूनच द्या.

फोन व सिमकार्ड यांचे जुळणे

ही बाब साधी दिसते, पण फसगत येथेच अधिक होते. साध्या फोनांत कित्येक फोन केवळ 2जी पद्धतीचे असतात. जिओचे जाळे 4जी व त्यापुढील पद्धतीचे असल्याने त्या सिमकार्डावर असा फोन चालत नाही. रेंजच येत नाही. घरातील सिमकार्ड कोणते, आणि आपल्या शिवारात, मळ्यात, विहिरीवर कोणाची रेंज येते, हे आधी पाहून मगच फोनची जात ठरवावी. बटणांचे 4जी फोनही मिळतात व ते पुढे अधिक दिवस उपयोगी पडतील. बटणांच्या फोनात व्हॉट्सॲप चालेल असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विसंबू नये. 2018 साली जिओफोनवर ती सोय आली होती. 2024 साली अशा फोनांत ती नव्याने घेता येणे बंद झाले.

रिचार्जच्या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांचे निराळे पॅक ठेवावे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बजावले. बटणांचा फोन वापरणाऱ्याने दुकानात हेच पॅक मागावे.

आता काही किरकोळ गोष्टी. संदेशांची पेटी किती मोठी आहे ते विचारावे. जुन्या फोनांत ती जाहिरातींनीच भरून जाते व नवा निरोप आत येत नाही. दर आठवड्यास ती मोकळी करण्याची सवय ठेवावी. फोन बंद असेल तर निरोप कंपनीच्या केंद्रात ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो व फोन सुरू केल्यावर येतो. म्हणून हवामानाचा सल्ला वाचताना तो कोणत्या तारखेचा आहे हे प्रथम पाहावे. शुक्रवारचा सल्ला सोमवारी पाहून फवारणी करू नये. 2025 पासून संस्थांच्या संदेशात पाठविणाऱ्याच्या नावाअखेर एक इंग्रजी अक्षर येते. शासकीय संदेशाला 'जी' आणि जाहिरातीला 'पी' असते. तात्यांना ही दोन अक्षरे कागदावर काढून दिली, ती त्यांनी फोनच्या पाठीवर चिकटविली आहेत.

स्मार्टफोनवाचून सर्वच कामे होतील असे मात्र कोणी समजू नये. ई-पीक पाहणीची नोंद स्मार्टफोनवरील ॲपमधूनच करावी लागते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकत असल्याने शेजारच्या तरुणाची अथवा ग्रामकार्यकर्त्याची मदत घेऊन ते काम भागविता येते. तात्यांचे ते काम त्यांची नात करते.

शेवटी त्यांनी जो फोन घेतला, त्याचा दिवा मंद होता आणि रेडिओला वायर लावावी लागे. पण कळा मोठ्या होत्या, उन्हात अक्षरे दिसत होती, आणि 'ळ' तिसऱ्याच दाबाला येत होता. पुढील पाळीच्या आदल्या दिवशी त्यांचा मला पहिला निरोप आला: 'पाळी बुधवारी. पाटकरी भेटला. तू ये.' एवढे लिहावयास त्यांना बारा मिनिटे लागली, असे नात सांगत होती.