सेकंड हँड गाडी हायवेला थरथरते? टायरवाल्याकडे जाण्याआधी हे समजून घ्या

गाडी शहरात मक्खन चालते. सिग्नल, खड्डे, स्पीडब्रेकर, कुठेच काही तक्रार नाही. पण हायवेला लागून काटा ८० च्या पुढे गेला, की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. आणखी गंमत म्हणजे ११० ला पोचल्यावर तीच थरथर कधी कधी कमी होते.

सेकंड हँड गाडी घेतलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव येतो. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं अलाइनमेंट करून घे, कुणी म्हणतं सस्पेन्शन गेलंय, कुणी थेट चारही टायर बदलायला सांगतं. प्रत्येक सल्ल्याचं बिल वेगळं, आणि तीनही बिलं भरून थरथर तशीच राहिली असंही होतं.

पूर्वी गाडी ८० च्या वर फारशी जायचीच नाही, तेव्हा हे खपून जायचं. आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घाट सोडला तर कारला १०० ची मर्यादा आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर १२० ची. त्या वेगाला तासन्‌तास चालवायची असेल, तर थरथर म्हणजे काय हे कळायलाच हवं.

८० ते १०० च्या दरम्यानच का?

थोडं गणित बघू. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या अनेक गाड्यांना बसणारा टायर. त्याचा घेर जवळपास १.९५ मीटर. म्हणजे १०० च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं.

आता समजा, रिमच्या एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे. उभ्या गाडीत ते कुणाला जाणवणारही नाही. पण १०० च्या वेगाला त्या ३० ग्रॅमची बाहेरची ओढ साधारण साडेचार किलो वजनाइतकी होते. ही ओढ सेकंदाला १४ वेळा गोल फिरते. ५० च्या वेगाला तीच ओढ चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून शहरात काही कळत नाही.

मग ११० ला कमी का होते? झोपाळा आठवा. त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, लय चुकली की जात नाही. चाक, सस्पेन्शन आणि टायरचं रबर यांचीही एक स्वतःची लय असते, सेकंदाला साधारण १० ते १५ हेलकाव्यांची. चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की थरथर सगळ्यात जास्त. वेग आणखी वाढला की लय सुटते. दोष मात्र तिथेच असतो, फक्त हाताला जाणवत नाही.

गाडीला तीन प्रश्न विचारा

पहिला: कुठे थरथरते? स्टेअरिंग थरथरत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पायाखालची फ्लोअर थरथरत असेल तर मागच्या.

दुसरा: कधी थरथरते? फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर टायरला दोष देऊ नका, ब्रेकची डिस्क असमान झिजलेली असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल आणि पाय काढल्यावर जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट बघायला हवा. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवल्यावर थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग. वेग ठरावीक ठेवूनही थरथर राहत असेल, तरच चाक आणि टायर हे पहिले संशयित.

तिसरा: किती वेगाला सुरू होते? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ७०-८० च्या पुढे सुरू होणारी थरथर बहुतेकदा बॅलन्सिंगची असते. पण २०-३० च्या वेगालाच स्टेअरिंग डावं-उजवं डोलत असेल किंवा चाक 'धप धप' करत असेल, तर रिम वाकलेली असू शकते किंवा टायरच्या आतले पट्टे सुटलेले असू शकतात. पट्टे सुटलेला टायर हायवेवर कधीही फुटू शकतो. अशी गाडी हायवेला न्यायची नाही. स्टेपनी लावायची आणि हळू चालवत दुकान गाठायचं.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एक नाही

आपल्याकडे हे दोन शब्द जोडीनेच येतात, म्हणून गोंधळ होतो. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकांची दिशा आणि कल. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग तिरकं राहतं आणि टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे एका चाकाचं वजन गोलभर सारखं असणं. ते बिघडलं की गाडी थरथरते.

म्हणजे थरथरीवर नुसती अलाइनमेंट करून सहसा उपयोग नाही. गाडी ओढते म्हणून नुसतं बॅलन्सिंग करूनही नाही.

बॅलन्सिंग करूनही थरथर का जात नाही?

इथे सेकंड हँड गाडीची खरी भानगड सुरू होते. चारही टायर नीट बघा. पुढे एक कंपनी, मागे दुसरी. एकाची नक्षी नवी, दुसरा जवळजवळ गोटा झालेला. कधी तर साइजही वेगळी. आधीच्या मालकाने जसा टायर पंक्चर झाला, फुटला, तसा मिळेल तो बसवलेला असतो.

बॅलन्सिंगचं साधं मशीन फक्त वजन बघतं. टायर गोल आहे की नाही, एका जागी कडक आणि दुसऱ्या जागी मऊ आहे का, शेजारच्या टायरएवढाच मोठा आहे का, हे त्याला कळत नाही. त्यामुळे मशीनवर 'शून्य' दिसूनही गाडी थरथरू शकते.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तिच्या जोडीला ३ मिलिमीटर उरलेला टायर लावला, तर दोघांच्या व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो. साइज एकच असली तरीही! लहान चाक थोडं जास्त वेगाने फिरतं. दोन्ही चाकांत थोडा थोडा दोष असेल, तर त्यांचे धक्के कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना मारतात. म्हणून थरथर लाटेसारखी येते: काही सेकंद जोरात, मग गायब, मग पुन्हा. अशी लाट जाणवली तर दोष एकाच चाकात शोधत बसू नका.

वेगळी साइज तर त्याहून वाईट. १८५/६५ आर १५ शेजारी १९५/६५ आर १५ लावला तर व्यासात १३ मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी ओढते. एबीएस चाकांच्या वेगाची तुलना करून काम करतं, त्यामुळे त्यालाही चुकीची माहिती मिळते.

आणखी दोन गोष्टी तपासाच. एक, बाहेरून बसवलेले अलॉय. त्यांचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असेल तर चाक नेमकं मध्यात बसत नाही. त्यासाठी हब रिंग मिळते आणि ती स्वस्त असते. दोन, चाकाच्या जागी स्टेपनी तर लावलेली नाही ना? अनेक गाड्यांत स्टेपनी लहान असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते.

टायर वाचायला शिका

टायरच्या बाजूला सगळं लिहिलेलं असतं. १८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ असा: रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंचाची रिम. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार चालेल. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

वय: डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. हा पूर्ण कोड कधी कधी आतल्या बाजूला असतो, तेव्हा वाकून बघा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी बदलावा, असा मोठ्या टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. कमी चाललेल्या गाडीत हे हमखास निसटतं. नक्षी छान दिसते, पण रबर कडक झालेलं असतं.

झीज: नक्षीच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की १.६ मिलिमीटर उरली. आपल्याकडे कारसाठी तीच कायदेशीर मर्यादा आहे.

जखमा: बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही. टायर लगेच बदलायचा.

पैसे खर्च करण्याचा योग्य क्रम

१. चाकांचे नट पान्याने तपासा. ढिल्या नटांमुळेही गाडी थरथरते, आणि चाक निखळू शकतं. रिमच्या आत वाळलेला चिखल असेल तर धुऊन काढा. टायर थंड असताना हवा बघा, आकडा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. हे सगळं जवळजवळ फुकट.

२. गाडी डीलरकडे महिनोन्‌महिने उभी असेल तर टायर खालून चपटे झालेले असू शकतात. २०-३० किलोमीटर चालवून टायर गरम झाल्यावर थरथर गेली, तर काळजी नको. तेवढं चालवूनही कायम राहिली तर टायर बसलाय समजा.

३. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. स्टेअरिंगची थरथर सीटमध्ये गेली तर दोष चाकांतच आहे. जागच्या जागीच राहिली तर हब, बिअरिंग, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश यांकडे वळा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर अदलाबदल त्याच बाजूला करा.

४. बॅलन्सिंग करा. जुनी वजनं काढायला लावा आणि काम झाल्यावर चाक पुन्हा एकदा मशीनवर फिरवायला सांगा. फिरताना स्वतः बघा. रिमची कड किंवा टायर वर-खाली नाचत असेल तर वजनं लावून ते बरं होणार नाही.

५. सस्पेन्शनमध्ये काही ढिलं असेल तर नव्या टायरआधी ते करा. नाहीतर नवे टायरही काही महिन्यांत वेडेवाकडे झिजतील.

६. मग टायर. आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी.

टायर बदलायचे तर किती आणि कुठे?

चारही वेगवेगळे आणि जुने असतील तर चारही एकदम बदलणं उत्तम. बजेट नसेल तर दोन घ्या, पण एकाच ॲक्सलला जोडीने: कंपनी, मॉडेल आणि साइज तीच. एकच टायर घ्यायचा तर तेव्हाच, जेव्हा शेजारचा त्याच मॉडेलचा आणि जवळजवळ नवा आहे.

साइज जुन्या टायरवरून उतरवू नका, आधीच्या मालकानेच ती बदललेली असू शकते. दरवाजाचं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल बघा. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर त्याहून कमी नको.

नवी जोडी पुढे लावायची की मागे? बहुतेक जण म्हणतील पुढे, कारण स्टेअरिंग आणि इंजिनची ताकद तिकडे. पण टायर कंपन्या मागे लावायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाते. स्टेअरिंग हलकं लागतं, आपण वेग कमी करतो आणि बहुतेकदा सावरता येतं. मागची पकड सुटली तर गाडीची शेपटी बाहेर पडून गाडी गोल फिरते. ते सावरणं सामान्य चालकाच्या हातात नसतं. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटात जाणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

नवे टायर बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासून घ्या.

गाडी अजून घेतली नसेल तर

टेस्ट ड्राइव्ह कॉलनीत दोन चकरा मारून संपवू नका. जवळच्या हायवेवर, मर्यादेत राहून ८०-१०० पर्यंत चालवा, मोकळ्या जागी ब्रेकही दाबून बघा. पॉलिश मारून चकचकीत केलेल्या टायरचे चारही कोड वाचा, स्टेपनीचासुद्धा. चार टायर चार तऱ्हेचे निघाले तर नव्या सेटची किंमत दुकानातून विचारून घ्या आणि ती सौद्यात मांडा. त्यातून आधीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली असेल याचाही अंदाज येतो.

आणि चालत्या गाडीत अचानक नवीच थरथर सुरू झाली तर 'घरी गेल्यावर बघू' म्हणू नका. ब्रेक जोरात न दाबता वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा आणि चारही चाकं बघा. टायर फुटण्याआधी अनेकदा अशीच सूचना देतो.