मत आपले, सही कुणाची?

मत देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे राज्य करण्याचा अधिकार मिळाला, असे आपण धरून चालतो. विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश पाहिले की हा समज टिकत नाही. तेथे लोक आमदार निवडतात, आमदार मंत्रिमंडळ देतात. पण या सर्वांच्या डोक्यावर केंद्राने नेमलेला प्रशासक असतो, आणि तो त्या मतदारांना जबाबदार नसतो.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण गोव्याचे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६३ च्या कायद्याने गोवा, दमण व दीव यांना तीस निर्वाचित सदस्यांची विधानसभा मिळाली, आणि बहुजनांच्या मतांवर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा याच विधानसभेने केला. कसणाऱ्याला आणि भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला त्याने आधार दिला. अपुरी सत्तासुद्धा पिचलेल्या माणसाच्या कामी येते, हे विसरून चालणार नाही.

पण ती अपुरीच होती. नायब राज्यपाल विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकत होता. मंत्रिमंडळाशी मतभेद झाला तर निर्णय दिल्लीत जाई. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, हा प्रश्नही संसदेच्या कायद्यानुसार १६ जानेवारी १९६७ रोजी थेट लोकांपुढे गेला. बहुमत वेगळे राहण्याच्या बाजूने पडले; तरी घटक राज्याचा दर्जा मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला.

आज दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर या प्रदेशांना विधानसभा आहेत. दिल्लीत पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. दलितांच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आमचा वाशिम मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अत्याचाराच्या गुन्ह्यात पोलिसांनी काय केले, असा जाब येथला आमदार विधानसभेत गृहमंत्र्याला विचारू शकतो. दिल्लीतील करोल बागही राखीव आहे. पण तेथील पोलिसांचा जबाबदार मंत्री त्या विधानसभेत नसतो, तो केंद्रात बसतो. राखीव जागा आहे, पण ज्या दोन प्रश्नांवर आपले जगणे अडते, ते पोलीस आणि जमीन, दोन्ही हाताबाहेर!

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अधिकारी मंत्र्याला, मंत्री सभागृहाला आणि सभागृह जनतेला जबाबदार असते. म्हणून वगळलेले विषय सोडून सेवांवर निर्वाचित सरकारचे नियंत्रण हवे. आठ दिवसांत अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. बदल्यांची शिफारस करणाऱ्या प्राधिकरणात मुख्यमंत्री अध्यक्ष, सोबत दोन वरिष्ठ अधिकारी, आणि निर्णय बहुमताने. म्हणजे दोन अधिकारी मिळून मुख्यमंत्र्याला हरवू शकतात. त्यावरही अखेरचा शब्द नायब राज्यपालाचा.

येथे एक आक्षेप येईल. बाबासाहेबांना बलवान केंद्र हवे होते. गावातल्या आणि प्रांतातल्या बहुसंख्य जातीच्या सत्तेची त्यांना रास्त भीती होती. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेनेच केला. हे सर्व खरे आहे. मात्र संसदेने हक्कांचा कायदा करणे वेगळे, आणि नेमलेल्या माणसाने निवडून आलेल्यांचा निर्णय अडवणे वेगळे. पहिल्यात दुर्बळाला संरक्षण आहे. दुसऱ्यात त्याने जाब विचारायचा कुणाला, याचाच पत्ता राहत नाही.

ही बाब फक्त दूरच्या प्रदेशांची नाही. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेवर कित्येक वर्षे प्रशासकच होता. म्हणून कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने कोणतेही सभागृह पाहताना राखीव जागा मोजाव्यातच. पण त्यापुढे विचारावे, येथे शेवटची सही कुणाची, आणि त्याला घरी बसवण्याचे मत आपल्या हातात आहे का?