दुःखी आहे, हे कशावरून?

डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले ‘मायग्रंट मदर’ हे कृष्णधवल छायाचित्र वर्गात दाखवा. मुले म्हणतील, “ही आई दुःखी आहे.” मग विचारा, “कशावरून?”

चित्रात रंग नाहीत. आहेत त्या फक्त छटा आणि आकार. दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडे फिरवली आहेत, त्यामुळे आपली नजर मधल्या चेहऱ्यावर स्थिरावते. हनुवटीपर्यंत गेलेला हातही नजरेला तिकडेच नेतो. मागे तंबूच्या कापडाखेरीज काही नाही. आई आपल्याकडे न पाहता चौकटीबाहेर दूर पाहते. काळजीचा भाव या साऱ्या मांडणीतून उमटतो.

आता दुसरा प्रश्न. मूळ निगेटिव्हमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा दिसत होता. मांडणी बिघडते म्हणून लँग यांनी पुढे तो पुसट करवून घेतला. पण हे छायाचित्र तर सरकारी खात्यासाठी, शेतमजुरांच्या हलाखीची नोंद म्हणून काढले होते!

प्रयोगवहीतील नकोसे निरीक्षण आपण खोडू देतो का? मग इथे काय म्हणावे? उत्तर सांगू नका. मुलांना वाद घालू द्या.