जुना कॅमेरा, नवा रोल : सर्किट नंतर, आधी तार

मागच्या आठवड्यात लेन्सवरची बुरशी काढली. आता सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळू.

पिपरी मेघेपासून हाकेच्या अंतरावर सेवाग्रामला कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले ते रोलायफ्लेक्सवर. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून घेतलेल्या त्या कॅमेऱ्याला सेल लागतच नव्हता. बिघडलीच तर स्प्रिंग, नाहीतर दाते. १९६६च्या याशिका इलेक्ट्रो ३५चं तसं नाही. त्यात शटर किती वेळ उघडं राहणार हे वीज ठरवते. तो बंद पडला की ‘सर्किट गेलं’ म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. सर्किट क्वचितच जातं. बहुतेक वेळा वीज तिथवर पोचतच नाही.

खात्री करायला रोल नको. डायल ‘ऑटो’वर ठेवा, व्ह्यूफाइंडरशेजारची प्रकाशमापकाची खिडकी बोटाने झाका आणि बटण दाबा. पिवळा दिवा लागून शटर बराच वेळ उघडं राहिलं पाहिजे. लगेच ‘खट्’ करून मिटलं, तर वीज नाही असं समजा, कारण सेलशिवाय हा कॅमेरा साधारण १/५०० सेकंदावरच उडतो.

मूळचा पाऱ्याचा सेल ५.६ व्होल्टचा होता, तो आता मिळत नाही. घड्याळाच्या दुकानातले एलआर४४ चार एकावर एक ठेवले की ६ व्होल्ट होतात. एवढा फरक हा कॅमेरा सहज सोसतो. उरलेली जागा स्प्रिंगने भरा.

तरीही दिवा लागला नाही, तर सेलच्या कप्प्यातली पत्री नीट बघा. पांढरी भुकटी किंवा हिरवट थर दिसला तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्री चकचकीत झाली म्हणून थांबू नका. सेल गळला की तो हिरवा गंज तारेच्या प्लॅस्टिकखालून आत सरकतो. बाहेरून तार धडधाकट, आत तांब्याचा चुरा. सेल काढून मल्टिमीटरची एक पिन पत्रीवर आणि दुसरी तारेच्या पलीकडच्या टोकावर टेकवा. बीप वाजली नाही तर तार बदला.

याच कॅमेऱ्याचा आणखी एक बिघाड विजेचा वाटतो, पण असतो रबराचा. रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना शेवटी आतून स्पष्ट ‘टक्’ ऐकू यायला हवं. ते येत नसेल तर आतली रबराची इवलीशी गादी विरघळली आहे. त्यामुळे बटणाखालचे संपर्क जागेवर येत नाहीत, दिवे भलत्या वेळी लागतात आणि शटरचा वेग चुकतो. आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना अशा जुन्या रबराला मानवत नाही. ही गादी बदलायची तर कॅमेरा उघडावाच लागतो.

वरचं झाकण कसं काढायचं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर सेल काढून ठेवा.