भ्रूणजनन, केळीचे कायिक

बीजाशिवाय वनस्पतीच्या सामान्य (कायिक) कोशिकांपासून भ्रूण तयार होण्याच्या क्रियेस कायिक भ्रूणजनन म्हणतात. एफ्. सी. स्ट्यूअर्ड व जे. राइनर्ट यांनी १९५८ मध्ये गाजराच्या कोशिकांपासून स्वतंत्रपणे असे भ्रूण मिळविले. केळीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. खाद्य केळीच्या बहुतेक प्रकारांत गुणसूत्रांचे तीन संच (३३ गुणसूत्रे) असल्याने त्या जवळजवळ वंध्य असतात. फळात बी धरत नाही, लागवड मुनव्यांपासून होते आणि संकराने नवा गुण आणणे दुष्कर ठरते.

ही अडचण किनारी प्रदेशात अधिक जाणवते. पालघर जिल्ह्यातील सांडोर व वसई परिसरातील इतर गावांच्या वाड्यांत केळीची लागवड पूर्वापार असून राजेळी केळी सुकवून केलेली तेथील सुकेळी प्रसिद्ध आहेत. वाड्यांचे शिंपण विहिरी व बावखले (गोड्या पाण्याची खोदलेली तळी) यांवर चाले. समुद्र जवळ असलेल्या अशा भूमीत भूजलाचा उपसा वाढला की, खारे पाणी आत शिरते. केळ क्षारांना फार संवेदनशील आहे. पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते व घड लहान राहतो.

क्षारसहनतेची जीने मात्र केळीतच आहेत. बी पक्व होऊन सुकू लागते तेव्हा भ्रूणात काही प्रथिने विपुल प्रमाणात तयार होतात, एल्. ड्यूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कापसाच्या बियांत त्यांचा अभ्यास केला. डीहायड्रिने ही याच वर्गातील होत. ती कोशिकेतील पटलांचे व एंझाइमांचे शुष्कतेपासून रक्षण करतात. पाणी तुटले किंवा क्षार वाढले की, अॅब्सिसिक अम्लाच्या द्वारे हीच जीने पानांतही कार्यान्वित होतात. बीज गमावलेल्या केळीत भ्रूणाचे हे संरक्षण असे शिल्लक राहिले आहे.

तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात शेखावत, श्रीनिवास व गणपती यांनी २०११ मध्ये केळीचे असे एक जीन ओळखून रसथाळी प्रकाराच्या भ्रूणजनक कोशिकांत त्याची क्रियाशीलता वाढविली. तयार झालेली रोपे शुष्कता व क्षार यांना अधिक सहनशील आढळली. अशा कोशिका सामान्यतः केळफुलाच्या टोकाकडील कोवळ्या नर फुलांपासून मिळवितात; घड धरल्यावर बागाईतदार हाच भाग कापून टाकतात. २,४-डी असलेल्या माध्यमात फुलांपासून अविभेदित कोशिकांचा पुंजका बनतो. तो द्रव माध्यमात हलता ठेवून पुढे २,४-डी काढून घेतल्यास भ्रूण वाढू लागतात. त्यांच्याभोवती पुष्क नसल्याने शर्करा माध्यमातूनच पुरवावी लागते. भ्रूण बहुधा एकाच कोशिकेपासून उद्भवत असल्याने घातलेले जीन संपूर्ण रोपात सारखे येते. खोडाच्या अग्रापासून केलेल्या रोपात अशी खात्री नसते.

पद्धत वेळखाऊ आहे आणि कोशिका दीर्घकाळ संवर्धनात राहिल्यास सदोष रोपे निघतात. शिवाय प्रत्येक प्रकाराचा प्रतिसाद भिन्न असल्याने रसथाळीतील यश राजेळीला तसेच लागू पडत नाही. भारतात जनुकांतरित केळीची व्यापारी लागवड झालेली नाही.