रुग्णालयांतील वीज आणि अग्नि



ता. ९ जानेवारी २०२१ रोजीं मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या विशेष कक्षास आग लागून दहा बालकें प्राणास मुकलीं. त्याच वर्षीं २३ एप्रिलला विरार येथें व ६ नोव्हेंबरला तेव्हांच्या अहमदनगरांत आगी लागल्या, त्याहि अतिदक्षता विभागांतच. ज्या दालनांतून रुग्णास उठून पळतां येत नाहीं, नेमकें तेंच कां पेटावें?

आग लागली कीं वर्तमानपत्रांत ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द छापला जातो, आणि ‘ईश्वरेच्छा’ म्हटल्याप्रमाणें विचार तेथेंच थांबतो. वस्तुतः दोन तारांचा सरळ स्पर्श झाला तर प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज वितळतो, किंवा हल्लींची आपोआप पडणारी कळ पडते. त्याहून कपटी शत्रु म्हणजे सैल सांधा. स्क्रू ढिला झाला, पितळेवर कळंक चढला, कीं त्या जागीं विरोध वाढतो. विरोधांत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हा जूलचा नियम आपण शाळेंत पाठ केला असेल. अर्धा ओहम विरोधाच्या सांध्यांतून दहा अँपिअर प्रवाह वाहिला, तर हरभऱ्याएवढ्या जागेंत पन्नास वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्यास हात लावणाऱ्यास ही उष्णता समजावून सांगावयास नको. इतकें होऊनहि प्रवाह नेहमींएवढाच असल्यामुळें कळ पडत नाहीं.

घरांतील सांध्यास रात्रीं तरी विसांवा मिळतो. अतिदक्षता विभागांत श्वसनयंत्रें, वातानुकूलन यंत्रें, अर्भकांस ऊब देणारीं यंत्रें अहोरात्र चालतात, आणि तपासणीसाठीं तीं बंद ठेवण्यास कोणी सहसा धजत नाहीं. त्यांत प्राणवायूची भर. तो स्वतः जळत नाहीं, ज्वलनास साहाय्य करतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा २१ असतें. बंद खोलींत मुखवट्यांतून तो झिरपत राहिला कीं तें वाढतें, चादरी-गाद्यांत तो मुरतो, आणि एरव्हीं धुमसून विझणारी ठिणगी भडका घेते.

धुराची गोष्ट निराळी. ता. ९ डिसेंबर २०११ रोजीं कोलकात्याच्या आम्री रुग्णालयांत आग तळघरांत लागली. परंतु सुमारें नव्वद माणसें दगावलीं, तीं बहुतेक वरच्या मजल्यांवर धुरानें गुदमरून.

उपाय फारसे खर्चाचे नाहींत. यंत्रें पूर्ण भारानें चालूं असतांना उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्यानें सांधे पाहावे व तापलेले सांधे आवळून घ्यावे. एका प्लगांतून तीन यंत्रें चालविणारी लांब वायरीची फळी अशा दालनांत येऊंच देऊं नये. रुग्णाच्या उशाशीं बसणाऱ्या नातेवाइकासहि काम आहे: सॉकेट तपकिरी पडला असेल, जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल किंवा भिंतींतून चरचर ऐकूं येत असेल, तर परिचारिकेस तत्काळ सांगावें. विजेच्या आगीवर पाणी ओतूं नये. कर्बवायूचें अग्निशामक वापरावें. आणि त्या दालनाची मुख्य कळ व प्राणवायूची झडप कोठें आहे, हें रात्रपाळीच्या प्रत्येक परिचारिकेस अंधारांतहि सांपडेल इतकें ठाऊक असावें.