ऐकू न येणारंही जपा

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘वडिलांच्या स्पूल टेपांवर विविध भारतीच्या जुन्या जाहिरातींच्या जिंगल्स आहेत. त्या संगणकावर उतरवून एआयनं खरखर काढली, की टेपा भंगारात द्यायला हरकत नाही ना?’

हरकत आहे, आणि चांगलीच आहे.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. तो जमाना टेपचा. पुसून पुन्हा वापरता येते हा टेपचा मोठा गुण, आणि तोच इतिहासाच्या मुळावर आला. टेप महाग होती, त्यामुळे जगभरातल्या रेडिओ केंद्रांनी जुन्या ध्वनिमुद्रणांवर नवी चढवली. वीस-तीस सेकंदांच्या जिंगलसाठी कोण हळहळणार? म्हणून अशा घरगुती टेपांना मोल आहे.

पण उतरवून घेतल्यावरही टेप का ठेवायची, हे कळायला माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. वॉल्टर वेबर हा बर्लिनमध्ये जर्मन रेडिओचा अभियंता. सुरुवातीच्या टेपांवर आवाज फाटका यायचा, कारण टेपवरचे लोहकण हलक्या आवाजाला दादच देत नाहीत. १९४० मध्ये वेबरच्या प्रयोगात अॅम्प्लिफायर बिघडला, स्वतःच अतिउच्च कंपनं सोडू लागला आणि मुद्रण एकाएकी स्वच्छ झालं! आवाजासोबत अशी कंपनं देण्याची युक्ती अमेरिकेत १९२७ सालीच पेटंट झाली होती, पण टेपवर तिचं सोनं केलं वेबरनं. तिचं नाव बायस. चाळणीत पीठ घालून नुसतं बघत बसलं तर ते पडत नाही. चाळण हलवावी लागते. बायस म्हणजे ते हलवणं. त्याची कंपनसंख्या माणसाच्या कानाच्या पल्याडची, त्यामुळे ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

वेबर १९४४ मध्येच गेला. युद्धानंतर जॅक मुलिन या अमेरिकी अभियंत्यानं दोन जर्मन टेपयंत्रं अमेरिकेत नेली, १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम टेपवर आला आणि सगळी वाहवा तिकडे झाली.

पण चाळणीची उपमा एका ठिकाणी फसते, आणि खरी गंमत तिथंच आहे. हलवण्याची खूण पिठात उरत नाही. बायसची अंधूक खूण मात्र टेपवर उरू शकते. मूळ कंपनसंख्या स्थिर होती. आज ती डगमगताना दिसली, तर टेपचा वेग नेमका कुठं आणि किती डगमगला हे मोजता येतं आणि सूर सरळ करता येतो. अमेरिकेत जेमी हॉवर्थ यांची ‘प्लँजंट’ पद्धत याच तत्त्वावर चालते. त्यासाठी खास हेड लागतं, आणि अर्थातच टेप लागते.

एआयचं काम याच्या उलट. तिथं मोजमाप नाही, अंदाज आहे. गायिकेचा श्वास किंवा झांजेचा झणकार भौतिकशास्त्राच्या नजरेनं खरखरीचे सख्खे नातलगच. सफाईत तेही जाऊ शकतात. शिवाय गेलेल्या जागी यंत्र आपल्या मनचं भरू शकतं. ऐकायला छान, पुरावा म्हणून कुचकामी.

तेव्हा टेप जपायचीच. उतरवण्याआधी ती हुंगा. आंबूस व्हिनेगरचा वास आला तर पट्टी अॅसिटेटची. तिला उष्णता अजिबात देऊ नका. १९७०-८०च्या काही टेपांतला पॉलियुरेथेनचा गोंद हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. किनारपट्टीवर हा धोका मोठा. अशा टेपा तज्ज्ञ साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास शेकतात. गुण येतो, पण तात्पुरता. तेवढ्यात मुद्रण उतरवून घ्यायचं. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको.

उतरवताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि ती खरखरीसकटची फाइल मूळ म्हणून सांभाळा. एआयची प्रत खुशाल करा, पण तिच्यावर तसं लिहा. डब्यावर केंद्र, साल आणि मुद्रण कुणी केलं तेही लिहून ठेवा. टेप कोरड्या, थंड कपाटात उभी ठेवा. वेबरच्या खुणेचा असा उपयोग होईल हे १९४० मध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तुमच्या टेपांवर आणखी काय आहे हे पुढच्यांना ठरवू द्या.